वस्तूला बोलू द्या

परीक्षा संपली की सुट्टीचे पहिले काही दिवस मजेत जातात. मग घराघरांत एकच प्रश्न सुरू होतो, "आता मी काय करू?" तिसरी ते सहावीतल्या मुलाच्या तोंडून हा प्रश्न जरा वेगळ्या सुरात येतो. बालवाडीतल्या मुलाला रंगीत कागदाचे कपटे आणि डिंक दिला की ते तासभर रमतं. आठ-नऊ वर्षांपुढचं मूल तेवढ्यावर रमत नाही. त्याला सेंटिमीटर मोजता येतात, कात्री नीट धरता येते, कृती वाचून समजते. शिवाय त्याला आणखी एक गोष्ट कळू लागलेली असते. आपलं काम खरंच जमलं आहे, की मोठी माणसं मन राखायला 'छान छान' म्हणताहेत, हे ते बरोबर ओळखतं.

शाळेत कार्यानुभव शिकवताना या वयाची मुलं मी जवळून पाहिली आहेत. सुट्टीतल्या हस्तकलेबद्दल मला तुम्हा आईबाबांशी, आजी-आजोबांशी एवढंच बोलायचं आहे, की मुलाला असं काम द्या, जे जमलं की फसलं हे बनलेली वस्तूच सांगेल. शिवलेली वही उघडली आणि पानं सुटली, म्हणजे दोरा सैल राहिला. पटाची शेवटची घरं अरुंद झाली, म्हणजे आखताना पट्टी सरकली. इथे आईला चूक दाखवावी लागत नाही आणि बाबांना कौतुकाचे शब्द शोधावे लागत नाहीत. मूल वस्तू उलटीसुलटी करून बघतं, कुठे बिघडलं ते शोधतं आणि पुन्हा कामाला बसतं. आइस्क्रीमच्या काड्यांचं घर, टिकल्या चिकटवलेली बाटली, चमकी लावलेला पेनस्टँड या वस्तू मात्र मुलाशी काही बोलत नाहीत. त्या दिसतात कशा, एवढाच प्रश्न उरतो आणि त्याचं उत्तर मोठ्यांच्या हातात राहतं. म्हणून त्या दुपारी बनतात आणि संध्याकाळी कपाटावर धूळ खायला जातात.

सुरुवात खेळापासून करा. चल्लस-आठ तुमच्यापैकी अनेकांनी आजोळच्या ओसरीवर खेळलेला असेल. तुमच्याकडे त्याला दुसरं नावही असेल. खडूनं फरशीवर आखायचा तो पट मुलाला या सुट्टीत कायमचा बनवू द्या. पंचवीस सेंटिमीटरचा चौरस पुठ्ठा, त्यावर पाच-पाच सेंटिमीटरची पंचवीस घरं. चारही बाजूंच्या मधल्या घरांवर आणि अगदी मधल्या घरावर फुली. ऐकायला सोपं वाटतं, पण पहिल्यांदा आखताना जवळजवळ प्रत्येक मूल पट्टी शून्याऐवजी कडेपासून धरतं किंवा खुणा एकाच बाजूला करून रेघ अंदाजानं ओढतं. मग एक घर चौकोनी आणि दुसरं लांबट होतं. तुम्ही काही बोलू नका. समोरासमोरच्या दोन्ही बाजूंवर खुणा करून त्या जोडायच्या असतात, ही युक्ती मूल स्वतः शोधून काढतं. तसं झालं की ती पुढे भूमितीच्या तासालाही हाताशी असते.

फासे म्हणून चार चिंचोके लागतात. एक बाजू पांढरी दिसेपर्यंत ते खडबडीत फरशीवर घासायचे. घासताना चिंचोका चांगला तापतो आणि तो शेजारच्याच्या हाताला लावून चटका देण्याचा उद्योग होणारच, तो होऊ द्या. सोंगट्यांना जुन्या शर्टाची बटणं, बांगड्यांच्या काचा किंवा खडे चालतात, काचेच्या कडा मात्र आधी बघून घ्या. तुम्ही विसरला असाल तर नियमही सांगते. चिंचोके टाकल्यावर जितके पांढरे वर पडतील तितकी घरं चालायची. चारही पांढरे पडले तर चार, चारही काळे पडले तर आठ, आणि चार किंवा आठ पडले की पुन्हा डाव. आपल्या फुलीच्या घरातून निघून बाहेरच्या सोळा घरांना फेरी मारायची, मग आतल्या आठ घरांना उलट दिशेनं, आणि शेवटी मधल्या घरात. समोरच्याची एक तरी सोंगटी मारल्याशिवाय आत शिरता येत नाही, असा नियम बऱ्याच घरांत असतो. तुमच्या घरात कोणता होता ते आजीला विचारायला लावा. नियमांवरून भावंडांची भांडणं होतील. तेव्हा एका कागदावर नियम लिहून पटाच्या मागे चिकटवायला सांगा. मुलांनी एकमेकांच्या गरजेपोटी लिहिलेला तो एक पानी मजकूर मला निबंधाच्या वहीतल्या 'माझा आवडता खेळ'पेक्षा मोलाचा वाटतो.

पट जमला की पत्त्यांकडे वळता येईल. सावंतवाडीचा गंजिफा आपल्याकडची केवढी सुंदर वस्तू आहे! गोल, हातानं रंगवलेली पानं. दशावतारी गंजिफ्यात दहा अवतारांचे दहा रंग आणि प्रत्येक रंगाची बारा पानं, म्हणजे राजा, प्रधान आणि एक ते दहा, अशी एकूण १२० पानं असतात. निम्म्या रंगांत दहा मोठा आणि निम्म्या रंगांत एक्का मोठा, ही त्यातली गंमत मुलांना फार आवडते. मुलानं घरचा गंजिफा करायचा. चार रंग पुरेत, म्हणजे अठ्ठेचाळीस पानं. लग्नसराईत घरात साठलेल्या पत्रिकांचा कागद यासाठी अगदी योग्य जाडीचा असतो. बांगडी ठेवून गोल आखायचे आणि कापायचे. रंग कोणते ते मुलानं ठरवायचं. एका मुलीनं आंबा, रिक्षा, आजीचा चष्मा आणि मांजर असे चार रंग घेतले होते. दहा मांजरं एका गोलात बसवताना तिचं पान इतकं गचडीचं झालं, की खेळताना कुणाला मोजताच येईना. पुढच्या पानांवर तिनं मांजराचे नुसते कान आणि मिशा काढल्या. चिन्ह साधं का असावं लागतं, हे तिला तिच्या पानांनीच शिकवलं.

इथे तीन माणसांची आठवण काढायला हवी. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. १९४५ साली बोर्डीत आणि पुढे कोसबाडच्या टेकडीवर त्यांनी आदिवासी मुलांसाठी बालशिक्षणाचं काम उभं केलं, तेव्हा मॉन्टेसरीची महागडी साधनं तिथे परवडणारी नव्हती. त्यांनी शंख-शिंपले, बिया, खडे, पानं अशा आसपासच्या वस्तूंमधून साधनं घडवली. तिसरे अरविंद गुप्ता. होशंगाबादच्या विज्ञान शिक्षण कार्यक्रमातून सुरुवात करून पुढे पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत त्यांनी टाकाऊ वस्तूंची शेकडो खेळणी मुलांच्या हाती दिली. २०१८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांची मराठीतली पुस्तकंही त्यांच्या संकेतस्थळावर मोफत वाचायला मिळतात.

गुप्ता यांचा काडेपेटीच्या काड्यांचा खेळ तर प्रत्येक घरात व्हायला हवा. सायकलच्या दुकानात व्हॉल्व्ह ट्यूब नावाची बारीक रबरी नळी थोडक्या पैशांत मिळते. तिचे दीड-दोन सेंटिमीटरचे तुकडे कापायचे आणि गुल खरवडून काढलेल्या काड्या दोन्ही तोंडांतून आत खुपसायच्या. दोन काड्यांचा सांधा तयार होतो. तीन सांध्यांचा त्रिकोण करा, चार सांध्यांचा चौकोन करा आणि मुलाला दोन्ही दाबून बघायला सांगा. त्रिकोण ताठ राहतो. चौकोन एका बाजूला कलतो आणि पतंगासारखा तिरका होतो. त्यात एक तिरकी काडी बसवली की तोही ताठ होतो, कारण आता त्याचे दोन त्रिकोण झाले. यानंतर रेल्वेच्या लोखंडी पुलावरून जाताना किंवा मोबाइलचा मनोरा बघताना मुलाची नजर त्रिकोण शोधू लागते. हे समजावून सांगायला मला फळ्यावर पूर्ण तास लागतो आणि तरी मागच्या बाकावरच्यांना ते पटत नाही. काड्या हातात आल्या की पाच मिनिटांत पटतं.

आता उन्हाबद्दल. मे महिन्याच्या दुपारी मुलांनी उन्हात हिंडू नये, हे मलाही मान्य आहे. पण उन्हात नुसती वस्तू ठेवायची आणि तासातून एकदा मिनिटभर जाऊन बघायचं, यात काही धोका नाही. गच्चीवर किंवा अंगणात जाड पुठ्ठ्याच्या मधोमध मातीच्या गोळ्यात झाडूची जाडसर काडी उभी करायची. काडी सरळ आहे का, हे बघायला दोऱ्याला खडा बांधून ओळंबा करायचा. गवंडी करतात तोच. सकाळी आठपासून दर तासाला सावलीच्या टोकावर पेन्सिलनं ठिपका द्यायचा आणि शेजारी वेळ लिहायची. पुठ्ठा हलला तर कळावं म्हणून त्याच्याभोवती खडूची रेघ मारून ठेवायची. दुसऱ्या दिवशी हेच घड्याळ वेळ सांगतं. काडी कलली असेल किंवा पुठ्ठा कुणाच्या पायानं सरकला असेल, तर ते चुकीची वेळ सांगतं आणि मूल कारण शोधायला धावतं.

या घड्याळात एक मोठी गंमत लपलेली आहे. सावली सर्वांत आखूड होते ती आपल्या घड्याळाच्या बाराला होत नाही. मे महिन्यात मुंबईत ती साडेबाराच्या थोडं पुढे, पुण्यात साडेबाराच्या सुमारास, तर नागपुरात बारा वाजून दहा मिनिटांच्या आसपास सर्वांत आखूड असते. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश पूर्व रेखावृत्तावरून धरलेली आहे आणि आपण त्याच्या पश्चिमेला आहोत, म्हणून सूर्य आपल्या माथ्याजवळ उशिरा येतो. आणि मे महिन्यातल्या एका दिवशी तर महाराष्ट्रात आणि गोव्यात सूर्य बरोबर डोक्यावर येतो, उभ्या वस्तूची सावली तिच्या पायाखाली नाहीशी होते. हा शून्य सावलीचा दिवस गोव्यात मेच्या पहिल्या दोन-तीन दिवसांत, कोल्हापुरात पहिल्या आठवड्यात, पुण्यात १३-१४ मे, मुंबईत १५-१६ मे आणि नागपुरात २६ मेच्या सुमारास येतो. सूर्य उत्तरेकडे सरकत जातो तसा दिवसही दक्षिणेकडून उत्तरेकडे सरकतो. कोल्हापूरच्या मावसभावानं आणि नागपूरच्या आतेबहिणीनं आपापल्या गच्चीवर पावडरचा डबा उभा करून एकमेकांना तारीख कळवली, तर भूगोलाच्या पुस्तकातलं कर्कवृत्त त्यांच्या गप्पांत येतं. घरातली मुलं लंडनला किंवा न्यू जर्सीला असतील तर त्यांनाही या खेळात घ्या. कर्कवृत्ताच्या उत्तरेला सावली कधीच शून्य होत नाही. मग त्यांच्याकडे सर्वांत आखूड सावली किती राहते, ते त्यांनी मोजून सांगायचं. गच्ची नसली तरी अडत नाही. खिडकीतून येणारा उन्हाचा कवडसा फरशीवर कसा सरकतो, ते खडूनं टिपत गेलं तरी घड्याळ होतं.

उन्हाचं दुसरं काम म्हणजे वाळवण. कुरडया-पापड वाळत असतील त्याच गच्चीवर कागदाच्या लगद्याचं वाडगं वाळू द्या. आपल्या आज्या-पणज्या लगद्याच्या टोपल्या करत आणि त्यात कीड लागू नये, चिकटपणा यावा म्हणून मेथी वाटून घालत. ती पद्धत आजही उत्तम चालते. वर्तमानपत्राचे बारीक तुकडे रात्रभर, जमल्यास दोन दिवस पाण्यात भिजवायचे. मग जुन्या मिक्सरमधून काढायचे किंवा मुलाला पाट्यावर वाटू द्यायचे. पाणी पिळून टाकायचं, भिजवून वाटलेली मेथी आणि थोडी खळ घालून कणकेसारखं मळायचं. खळ म्हणजे दोन चमचे मैदा कपभर गार पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवायचा आणि मंद आचेवर पारदर्शक होईपर्यंत हलवत शिजवायचा. शेगडीजवळ तेवढं तुम्ही थांबा. उपड्या वाडग्यावर प्लॅस्टिकचा कागद ताणून त्यावर लगद्याचा अर्धा सेंटिमीटरचा थर सारखा थापायचा आणि उन्हात ठेवायचा. कडक उन्हात तीन-चार दिवसांत तो खडखडीत वाळतो, थोडा आकसतो आणि साच्यावरून सुटतो.

इथेही वस्तू बोलते. थर जाड झाला तर वरून वाळलेलं वाडगं आतून ओलं राहतं आणि त्याला बुरशी येते. कड पातळ राहिली तर तिथे तडा जातो. पाणी नीट पिळलं नसेल तर लगदा घसरून खाली बसतो. पहिलं वाडगं बहुधा फसतंच. ते फेकू नका. फसलेलं वाडगं पुन्हा भिजवून त्याचाच दुसरा लगदा होतो, ही या कामातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट आहे. दुसरं वाडगं जमेल तेव्हा ते शोभेच्या कपाटात ठेवू नका. त्यात घराच्या किल्ल्या, देवघरातल्या काडेपेट्या, कांदे-लसूण, काहीतरी रोजचं ठेवा. आपली वस्तू घर वापरतं आहे, हे मुलाला रोज दिसू द्या.

रंगकामात बाजारातल्या रंगांच्या आधी स्वयंपाकघरातली हळद घ्या. कागदावर हळदीच्या पाण्याचा हात देऊन तो वाळू द्या आणि मग कपड्यांच्या साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या ब्रशनं त्यावर चित्र काढायला सांगा. रेघ लालसर उमटते. त्यावर लिंबू फिरवलं की पुन्हा पिवळी होते. फरशीवर जुनं फडकं मात्र अंथरा, हळदीचे डाग सहजी जात नाहीत.

वारली चित्रांबद्दल थोडं सावधपणे सांगते, कारण ती आता उशांच्या अभ्र्यांपासून बसथांब्यांपर्यंत सगळीकडे दिसतात. त्रिकोण, वर्तुळ आणि चौकोन या तीन आकारांतून माणसं, झाडं, घरं उभी राहतात, त्यामुळे या वयाच्या मुलांच्या हाताला ती लगेच वळतात. जुन्या पुठ्ठ्यावर गेरूचा हात द्यावा, तांदळाच्या पिठात थोडा डिंक आणि पाणी घालून पांढरा रंग करावा आणि बांबूच्या काडीचं टोक ठेचून त्याचा ब्रश करावा. पण हात लावण्याआधी मुलाला सांगा, की लग्नाच्या वेळी घराच्या भिंतीवर चौक लिहिण्याचं काम वारली समाजात सवाशिणींचं होतं आणि तो देवीसाठी असतो. पालघर जिल्ह्यातल्या जिव्या सोमा मशे यांनी १९७० च्या दशकात ही चित्रं विधीबाहेर, कागदावर आणि कापडावर नेली. २०११ साली त्यांना पद्मश्री मिळाली आणि २०१८ साली ते गेले. देवीचा चौक मात्र मुलांनी गंमत म्हणून काढू नये, असं मला मनापासून वाटतं. त्यांनी आपलं जगणं काढावं. सोसायटीतलं क्रिकेट, पाण्याचा टँकर, आजीचं लोणचं घालणं. चित्रातलं माणूस पळतं आहे की उभं आहे, हे दोन त्रिकोण किती कलले आहेत यावर ठरतं. ते मुलानं आधी स्वतः पळून बघावं आणि मग काढावं.

सुईदोऱ्याबद्दल एकच आग्रह. तो मुलग्यांच्याही हातात द्या. चौथीतल्या मुलाला बटण लावता यावं, धावदोरा घालता यावा, उसवलेली शिवण पुन्हा घालता यावी. जुन्या सुती साडीचे आणि शर्टांचे चौकोन जोडून हातभर गोधडी होते आणि मांजराला, बाहुलीला किंवा चहाच्या किटलीखाली ती कामाला येते. टाके लांब-आखूड पडले तरी तुम्ही उसवून पुन्हा घालून देऊ नका.

'पुन्हा घालून देणं' हाच आपला खरा दोष आहे. आपल्या मुलाची वस्तू शेजारच्यांना दाखवण्यासारखी व्हावी, म्हणून आपण रात्री ते झोपल्यावर कडा सारख्या करतो, डिंकाचे ओघळ पुसतो, रेघ जाड करतो. मूल सकाळी बघतं आणि त्याला कळतं. माझ्या वर्गात अशी सुंदर वस्तू आणणारी मुलं तिच्याबद्दल विचारलं की खाली मान घालतात. आणि ज्यांची वस्तू वेडीवाकडी पण स्वतःची असते, ती तास संपला तरी बोलत राहतात. फोटोचंही तसंच. वस्तू अजून ओली असताना नातेवाइकांच्या ग्रुपवर तिचा फोटो गेला, की पुढच्या वस्तूच्या वेळी मूल फोटोचा विचार आधी करतं. आठवडाभर थांबा. वस्तू वापरात टिकली तर मग खुशाल पाठवा.

मग तुम्ही करायचं काय? तीन गोष्टी तुमच्याशिवाय कुणी करू शकत नाही. एक, चांगली हत्यारं. मुलांना बोथट कात्री देणं मला अन्यायाचं वाटतं. तिनं कागद चुरगळतो, बोटं दुखतात आणि मुलाला वाटतं आपल्यालाच जमत नाही. टोक गोल असलं तरी धार असलेली कात्री द्या, एक स्टीलची पट्टी, एक दाभण आणि भोकं पाडताना खाली ठेवायला जुन्या रबरी चपलेचा तुकडा. कटर मात्र या वयात तुमच्याच हातात राहू दे. दुसरी गोष्ट जागा. घर एका खोलीचं असलं तरी एक पाट किंवा खाटेखालची एक पेटी अशी असावी, की जिथे अर्धवट काम उद्यापर्यंत तसंच राहील, कुणी आवरून टाकणार नाही. आपल्याकडची बरीच कामं कंटाळ्यामुळे न अडता रोज संध्याकाळी होणाऱ्या आवराआवरीमुळे अर्धी राहतात. आणि तिसरी गोष्ट वेळ. तुम्ही दोघंही नोकरी करत असाल तर दिवसभर मुलाजवळ बसणं शक्य नाही, आणि त्याची गरजही नाही. रात्री जेवणानंतर वीस मिनिटं त्याच्याशेजारी बसा आणि तुमचं स्वतःचं काहीतरी हातानं करा. कुणी बटण लावा, कुणी लसूण सोला, कुणी सैल झालेला स्क्रू पिळा. मूल तुमच्या हातांकडे बघत असतं.

सुट्टीत कोकणात किंवा गोव्यात जात असाल तर तिथल्या म्हाताऱ्या माणसांना माडाच्या पातीची पिपाणी, भिंगरी आणि मनगटावरचं घड्याळ करून दाखवायला सांगा. ते बघून शिकायचं काम आहे, लिहून सांगता येत नाही.

शेवटी वहीबद्दल, कारण माझ्या मते हे या सुट्टीतलं सर्वांत मोलाचं काम आहे. वर्ष संपल्यावर शालेय वह्यांत कितीतरी कोरी पानं उरलेली असतात. वहीच्या मधोमध शिवण किंवा पिना असतात. त्या सोडवल्या की दुहेरी पानं अखंड निघतात. दोन्ही बाजू कोऱ्या असतील अशी आठ जोडपानं घ्यायची, म्हणजे घडी घातल्यावर सोळा पानं, बत्तीस पृष्ठं. घडी घालण्याआधी मुलाला वर्तमानपत्राचा तुकडा आडवा आणि उभा फाडून बघायला सांगा. एका दिशेनं तो सरळ फाटतो, दुसऱ्या दिशेनं वेडावाकडा. कागदातले तंतू एका दिशेनं बसलेले असतात आणि त्या दिशेनं घडी स्वच्छ पडते. मुखपृष्ठाचा जाड कागद कापताना ही दिशा कण्याला समांतर ठेवली, की वही नीट मिटते. आडवी ठेवली तर मुखपृष्ठ वर उचललेलं राहतं. हे मुलाला वहीच दाखवेल.

मुखपृष्ठ आणि पानं एकत्र घडी घालून, मधे उघडून, घडीच्या रेघेवर दाभणानं तीन भोकं पाडायची. एक बरोबर मध्यावर, बाकी दोन वरखाली सारख्या अंतरावर. जाड दोरा मेणबत्तीवरून ओढून घ्यायचा. सुई आतून मधल्या भोकातून बाहेर काढायची, वरच्या भोकातून आत आणायची, आतल्या बाजूनं सरळ खालच्या भोकाकडे नेऊन तिथून बाहेर काढायची आणि पुन्हा मधल्या भोकातून आत आणायची. आता दोऱ्याची दोन टोकं मधल्या लांब टाक्याच्या दोन बाजूंना येतात. ती ताणून त्या टाक्यावरच गाठ मारायची. भोकं सरळ रेषेत नसतील तर वही तिरकी होते, दोरा ताणला नसेल तर पानं हलतात. शिवून झाल्यावर आतली पानं कडेला बाहेर डोकावतात, ती पट्टी ठेवून कटरनं कापण्याचं काम तुमचं.

पहिली वही मुलाला स्वतःसाठी ठेवू द्या. दुसरी घरातल्या कुणासाठी करायला सांगा. दूधवाल्याच्या हिशेबाची, आजीच्या औषधांची, भाजीच्या यादीची. तिच्या आकाराचा, रेघा हव्यात की नकोत याचा विचार त्या माणसाला विचारूनच करायचा. वापरणाऱ्याला विचारून वस्तू बनवणारं मूल बघायला मिळणं, हा माझ्यासाठी या विषयातला सर्वांत मोठा आनंद आहे.

तेव्हा एवढंच करा. यंदा रद्दीवाल्याला हाक मारण्याआधी मुलाच्या सगळ्या जुन्या वह्या बाहेर काढा आणि कोरी पानं मोजायचं काम त्याच्याकडेच सोपवा.